गेलेला की येणारा?

गेली दोन वर्षं जी गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही ती आज लिहून काढतो आहे, आणि ती सांगायची तर आधी काकाजींबद्दल सांगायला हवं. काकाजी कुणाचेच सख्खे काका नाहीत. आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात, अडुसष्ट वर्षांचे आहेत, आणि सगळं मल्हारगंज त्यांना काकाजीच म्हणतं. माझा दावा असा की अख्ख्या इंदुरात त्यांच्याइतका युरोप कुणाला पाठ नाही; आणि त्यांनी स्वतः परदेश म्हणून जो पाहिला तो फक्त इंदुरातलाच परदेशीपुरा.

तिथल्या कापड गिरणीत ते टाइमकीपर होते. गिरणी कधीच बंद पडली, पण काकाजींना कुणी तसं कळवलं नसावं, कारण त्यांचं टाइमकीपिंग आजवर चालू आहे. डाव्या मनगटावर इंदूरचं घड्याळ, उजव्यावर पॅरिसचं. सकाळी साडेअकराला पोह्यांची दुसरी प्लेट मागवताना ते पोहेवाल्याला सांगत, "तिकडे आत्ता उजाडलंय, भिया. बिचाऱ्यांचा अजून चहा व्हायचाय." गल्लीतल्या कुणाला कुठलीही गाडी, कुठलीही बस, कुणाच्या मुलीच्या परीक्षेची तारीख विचारायची असेल तर मोबाइल उघडण्याऐवजी लोक काकाजींच्या ओट्याकडे बघून ओरडत. उत्तर मिनिटासकट यायचं. ते एकदाही चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्यांचा एकच शत्रू होता, 'परवा' हा शब्द. गेलेल्या दिवसालाही परवा आणि येणाऱ्यालाही परवा, हे त्यांना भाषेतलं मोठंच गैरव्यवस्थापन वाटे. "आणि हिंदीत जाऊन सुटका नाही," ते म्हणत, "तिकडेही परसों म्हणजे परसों. टाइमकीपरनं मरायचं कुठे?" त्यामुळे त्यांच्यासमोर कुणी 'परवा' म्हणालं की लगेच सवाल यायचा, "गेलेला की येणारा?" शिंपी म्हणाला, "काकाजी, पायजमा परवा देतो," तरी तोच सवाल, वर, "तुझा परवा नेहमी गेलेलाच असतो म्हणून विचारलं." एकदा कोपऱ्यावरचे एक गृहस्थ उत्साहानं सांगत आले की परवा घरी बारसं. काकाजी म्हणाले, "गेलेला की येणारा? गेलेला असेल तर भांडायला येतो, येणारा असेल तर जेवायला."

माझ्या मुलीची, रेवाची, बारावी झाली आणि पुण्याला कॉलेज सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा मोकळा सापडला, तेव्हा तिनं कमीत कमी खर्चात युरोप फिरायचं डोक्यात घेतलं. आम्ही हो-नाही करतोय तोवर समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "बेटा, इधर आ. नियोजन करू." आणि त्या संध्याकाळपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण होणं बंद झालं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठच्या बाजू चिकटवून काकाजींनी युरोपचा नकाशा केला. त्यातला इटली मागच्या सालच्या एकादश्या दाखवत होता, कारण तो कागद उलटा चिकटला होता. अंतर ते किलोमीटरमध्ये सांगतच नसत. "पॅरिस ते ब्रुसेल्स म्हणजे काय? आपली इंदूर-उज्जैन बस, मध्ये चहाला थांबली तर. घाबरतेस कशाला?" व्हेनिसबद्दल त्यांचं मत असं की पावसाळ्यात मल्हारगंजात राहिलेल्या माणसाला तिथे नवीन काही वाटणार नाही.

स्वस्तात राहायचं म्हणजे पाठीवर एकच सॅक, हा पहिला नियम. ती सॅक ते किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणायचे. आत पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची पुडी आणि दोन किलो लौंग सेव भरल्यावर कपड्यांना जागा उरेना, तर कपडे निघाले. "काकाजी, स्वेटर?" रेवानं विचारलं. "सेव तिखी आहे," काकाजी म्हणाले. मग सराव. भर दुपारी ते दोघं सॅका पाठीला लावून बडा गणपतीपासून राजवाड्यापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. वाटेतला एक पानवाला ओळखीचा, त्यानं टोमणा मारला, "काकाजी, कहाँ तक पहुँचे?" "स्वित्झर्लंड," काकाजी न थांबता म्हणाले, "चढ आहे."

माझ्या बायकोनं त्यांना एकदा विचारलं, "अहो, पण तुम्ही स्वतः गेलायत का कधी?" तर म्हणाले, "रोज संध्याकाळी जातो, वहिनी." मग त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला. दोनदा नवा करून घेतलेला, आतून कोराकरकरीत. काकू होत्या तेव्हा त्यांच्याबरोबर जायचं होतं, ते राहिलं. रेवा पुढे वाकली आणि म्हणाली, "मग आता माझ्याबरोबर चला ना." काकाजींनी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर द्यायला मिनिटभर घेतलं. बायको म्हणाली, काकाजी बरोबर असतील तर मला चिंता नाही. मीही मान हलवली.

व्हिसाच्या फॉर्मवर ईमेल माझा द्यायचा, हा काकाजींचाच आग्रह. "मुलीच्या बापाला पहिली खबर लागली पाहिजे. नियम आहे." कुणाचा नियम ते त्यांनी सांगितलं नाही. मुंबईच्या व्हिसा केंद्रातल्या तारखा सगळ्या भरल्या होत्या. दोघांसाठी जागा झाली की मेलवर कळवणार होते. उन्हाळ्याची गर्दी, एक तारीख गेली की पुढची कॉलेज सुरू झाल्यावरच.

मेल आली तेव्हा मी ऑफिसात होतो. तारखेला सहा दिवस होते. संध्याकाळी सांगू म्हणून घरी गेलो, तर दोघं नकाशावर वाकून हसत होते. एकादश्यांवरून काहीतरी चाललं होतं. मी चप्पल काढली, पाणी प्यायलो, कुणी वर पाहिलं नाही. मुलीची काळजी वाटत होती, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि वाटत होतीही. पण खरं ते हे नव्हे. रेवा माझ्याजवळ दोन मिनिटं बसली त्याला वर्षं झाली होती, आणि त्या म्हाताऱ्याजवळ ती रोज दोन दोन तास बसत होती. तिचा तो उन्हाळा मला त्यांना द्यायचा नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगू. असे सहा उद्या गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसात काकाजींचा फोन आला.  "क्यों भिया, आली का तारीख?" माझ्या तोंडून निघालं, "आली. परवा." पुढे 'होती' म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. पण ते क्रियापद घशातच राहिलं, आणि पलीकडून आवाज आला, "अरे वा! कमाल! गाडी मी बघतो!" आणि फोन बंद. सबंध आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी विचारलं नाही, गेलेला की येणारा. मला पुन्हा फोन करता आला असता. मी केला नाही. खोटं तर बोललो नाही ना, असं म्हणत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सॅक लावून, दोन्ही घड्याळं घालून, गाडीची तिकिटं घेऊन आमच्या दारात हजर. व्हिसा केंद्राच्या पत्राची प्रत काढायला रेवानं माझा मेल उघडला. तारीख दोनदा वाचली. मग म्हणाली, "काकाजी, ही तारीख तर गेली. तीन दिवस झाले." आणि माझ्याकडे वळून, "बाबा, मेल तर तारखेच्या सहा दिवस आधीची आहे. तुम्ही सांगितलं का नाही?"

मी तोंड उघडलं. काकाजी माझ्याकडे पाहत होते. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, त्यांना येईल. मग ते रेवाला म्हणाले, "त्यांनी वेळेवरच सांगितलं होतं, बेटा. आली त्याच दिवशी. गलती मेरी. मीच तारीख उलटी धरली."

"तुम्ही? तुम्ही चुकलात?" रेवा रडायला लागली. "अख्ख्या गल्लीच्या तारखा लक्षात ठेवता, आणि माझीच...?"

"उम्र है, बेटा," ते म्हणाले. सॅक उतरवायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही. मी काहीच बोललो नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

रेवा पुण्याला गेली. सुट्टीत येते, काकाजींना नमस्कार करते, आणि आत निघून येते. माझ्याजवळही काही ती जास्त बसायला लागली नाही. बातमी गल्लीत फिरायला एक सकाळ पुरली. "काकाजींचंही आता वय झालं," असं म्हणत लोक मोबाइल उघडू लागले. ओट्याकडे बघून कुणी ओरडत नाही. उजव्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून ठेवलं, आणि कुणी 'परवा' म्हणालं तरी सवाल करणं सोडलं. नकाशा आता त्यांच्या घरातल्या भिंतीवर आहे, इटलीतल्या एकादश्यांसकट. मला ते पूर्वीसारखंच भिया म्हणतात, घरी लौंग सेव आणली तर वाटीभर पाठवतात. हे सगळ्यात जड जातं.

आज सकाळी ते ओट्यावर बसले होते. मी स्कूटर काढत होतो. "रेवा कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"परवा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. मग, दोन वर्षांत पहिल्यांदा, अगदी हळू आवाजात म्हणाले, "गेलेला की येणारा?"

"येणारा, काकाजी."

"अच्छा," ते म्हणाले, आणि डाव्या मनगटाकडे पाहिलं, जणू काही तेव्हापासूनच मोजायला लागले.

तो उन्हाळा मी परत देऊ शकत नाही. पण दोन वर्षांपूर्वी गिळलेलं एक क्रियापद मी त्यांना अजून देणं लागतो, आणि ते रेवाच्या समोर, त्यांच्या ओट्यावर, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं द्यायचं आहे: तारीख परवा होती, मला ठाऊक होतं, आणि काकाजी चुकले नव्हते.