खाली ठेवलेलं फिंजान

वाळवंट बघायला म्हणून सौदीतल्या तबूकला उतरलो, तर इक्बालची गाडी ऑलिव्हच्या बागांमधून चाललेली. आम्ही दोघं राजापूरकडचे, एका शाळेतले. तो इथं क्रॉकरीच्या दुकानात विक्रीला. बागा मागं पडल्या तसं त्यानं सांगून टाकलं, "विक्रीला आता सौदी माणूसच हवा, असा कायदा झालाय. महिनाअखेर माझा इकामा (राहण्याचा परवाना) खलास."

"कफीलशी (ज्याच्या नावावर परवाना, तो मालक) बोल ना."

"त्याच्या हातात काय आहे? नाही म्हणताना बिचाऱ्याची मान खाली जाईल. मी तोंड उघडणार नाही."

संध्याकाळी त्याच कफीलनं, अबू सालेमनं, घरी बोलावलं. खजूर आले आणि फिंजानात (बिनकानाच्या छोट्या पेल्यात) वेलदोड्याची फिकट कॉफी आली. माझा उभा जन्म कपबशांच्या कारखान्यात गेलेला. फिंजान अस्सल फ्रेंच आहे हे हाताला कळलं आणि कॉफी न पिताच ते खाली ठेवून मी व्याख्यान सुरू केलं. फ्रेंचांना आधी पांढरी माती ठाऊकच नव्हती, काचेची भुकटी घालून ते नकली पोर्सेलिन भाजायचे. मग लिमोजच्या बाजूला एका वैद्याच्या बायकोला कपडे धुवायला बरी अशी माती सापडली, तीच ती पांढरी माती, केओलिन! त्यात फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड मिसळली की...

भाषांतर करणारा इक्बाल मधेच थांबला. अबू सालेम छातीवर हात ठेवून मला काहीतरी विचारत होता.

"अरे, काय केलंस हे!" इक्बाल मराठीत पुटपुटला. "कॉफी न पिता खाली ठेवली म्हणजे पाहुण्याला काहीतरी मागायचंय. ते देणं यजमानाला भाग असतं. त्याला वाटतंय, तू माझ्या नोकरीसाठी आलायस."

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. म्हातारा इक्बालकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. कायद्यापुढं तो तरी काय देणार होता?

इक्बाल हसून अरबीत काहीतरी बोलला. अबू सालेमनं सुटकेचा सुस्कारा सोडला, मला कॉफी प्यायला लावली आणि रिकामं फिंजान माझ्याच हातात ठेवलं.

"काय सांगितलंस?"

"तुला ते फिंजान हवंय म्हणून."

मी परतलो. पुढच्या महिन्यात इक्बालही कायमचा गावी आला. मी फिंजान त्याच्यापुढं केलं. "हे तुझं."

"नको रे," तो म्हणाला. "इतकी वर्षं काढली, पण त्याच्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, तेही तुझ्यासाठी."

मला मान वर करवेना.