दोन गुंठ्यांच्या आतलं सगळं

“मॅडम, वाडीची शेतं कुठं गेली?”

सोमवारी सकाळी कर्जतहून गायकवाड साहेबांचा फोन. वनहक्क दाव्यांचं काम त्यांच्याकडे. बुधवारी समितीची बैठक होती आणि खालापूरच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीचे दावे तिच्यापुढे जायचे होते. साहेबांनी नकाशा उघडला, तर घरं होती, ओढा होता, शेतं नव्हती.

मी म्हटलं, सर्व्हरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल, बघते. आमच्या धंद्यात हे वाक्य नमस्कारासारखं वापरतात.

बघायला पाच मिनिटं लागली. शेतं मीच पुसली होती.

माझं काम जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं. नेरळला घरातच ऑफिस आहे. या प्रकल्पात कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांचे नकाशे आम्ही वेब फीचर सर्व्हिसवर ठेवले होते. नेहमीच्या ऑनलाइन नकाशात तुम्हाला नुसतं चित्र मिळतं. या सर्व्हिसमधून शेताची हद्द खरोखर तुमच्या हातात येते. तुम्ही ती सरकवली की मूळ साठ्यात सरकते, पुसली की सगळ्यांच्या स्क्रीनवरून जाते. चित्रातला लाडू आणि ताटातला लाडू, एवढाच फरक. ताटातला संपतो.

आता माझा प्रताप. शेजारची दोन शेतं वेगवेगळ्या माणसांनी मोजली की हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. मधे बारीक चिंधी उरते. तिला आम्ही स्लिव्हर म्हणतो. खाली भातशेतीच्या गावांत अशा चिंध्या ढिगानं निघाल्या होत्या. गुरुवारी मी सर्व्हिसला हुकूम दिला, दोन गुंठ्यांच्या आतलं सगळं काढून टाक. निवड फक्त खालच्या गावांची करायची होती. मी दोन्ही तालुके निवडले. सर्व्हिसनं निमूटपणे काम केलं आणि ‘यशस्वी’ असं उत्तर दिलं. मी खूश होऊन चहा टाकला.

वाडीतल्या लोकांची नाचणी डोंगरउतारावर, खडकांच्या मधे जिथं माती सापडेल तिथं. एकेका घराचे तीन-चार तुकडे, कुठलाच दोन गुंठ्यांच्या वर नाही. जुनी आवृत्ती जपायची सोय सर्व्हरवर असते. तिच्यामुळे नकाशा हळू उघडतो म्हणून ती मीच बंद केली होती. ग्रामसभेच्या कागदांवर क्षेत्रफळं होती, हद्दी नव्हत्या. आणि बैठकीत हद्द दिसली नाही, तर ‘मोजणी नाही’ असा शेरा मारून दावा परत. मग पुन्हा वर्षानुवर्षं खेटे.

मंगळवारी उजाडताच वनरक्षकाला घेऊन वाडी गाठली. फोनवर एक ॲप होतं. शेताच्या कडेनं चालायचं, हद्द थेट सर्व्हिसमध्ये उमटते. पहिला दावा बुधीबाई पारधींचा. त्या साठीच्या. नाचणी कापून झाली होती, त्या अंगणात बसून कणसं झोडत होत्या. मी सांगितलं, मावशी, मोजणी पुन्हा करावी लागेल, तुम्ही एकदा कडेनं चाला.

“मागं चाललो ना. आख्खा दिस गेला.”

“ती मोजणी गेली.”

“जमीन तर तितंच हाय. मोजनी कशी गेली?”

सर्व्हर हा शब्द तोंडापर्यंत आला होता. त्यांनी काठी खाली ठेवली. मी म्हटलं, “माझ्या हातून पुसली गेली.”

त्यांनी पदर खोचला. “मंग तुमीच चाला. मी सांगते.”

बातमी वाडीत माझ्यापुढे पोचली. दिवसभर प्रत्येक घराचा माणूस खडकावर बसला आणि मी चालले. वनरक्षक सावलीत उभा राहून अगदी मन लावून देखरेख करत होता. बुधीबाईंच्या दुसऱ्या तुकड्यावर ऐनाच्या झाडाशी मी सरळ गेले, तर वरून आवाज आला, “तो पाय सोमाच्यात पडला. मागं घ्या.” सोमा म्हणजे त्यांचा शेजारी. मी पाय मागं घेतला. तुकडा पुरा झाल्यावर त्यांनी विचारलं, किती भरला. मी म्हटलं, दीड गुंठा.

“तेवडाच हाय,” त्या म्हणाल्या.

ऊन कलेपर्यंत चाळीस तुकडे झाले. क्षेत्रफळं ग्रामसभेच्या कागदाशी जवळजवळ जुळली. माझे गुडघे मात्र त्या दिवसापासून कशाशीच जुळत नाहीत.

बुधवारी मी निवांत मागच्या खुर्चीवर बसले होते. साहेबांनी नकाशा पडद्यावर लावला. शेतं जागच्या जागी. अध्यक्षांनी एका तुकड्यावर क्लिक करून नोंद वाचली. आमच्या साठ्यात प्रत्येक हद्दीवर तारीख आपोआप पडते.

“मोजणी कालची? सगळ्यांची? दावे तर दोन वर्षांपूर्वीचे आहेत. बैठक आहे म्हणून घाईनं रेघा मारल्यात.”

गायकवाड साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारी मी त्यांना सर्व्हरचंच सांगितलं होतं आणि तेही तेच म्हणायला निघाले होते. पण सर्व्हरच्या प्रॉब्लेमनं संशय फिटत नाही, वाढतो. वाडीतले चार जण दाराशी उभे होते, त्यांत बुधीबाई. मी उठले आणि सांगितलं, पहिली मोजणी रीतसर झाली होती. ती गुरुवारी मी पुसली. काल वनरक्षकासमोर पुन्हा केली.

अध्यक्ष म्हणाले, “हे लेखी द्याल?”

दिलं. अर्धं पान भरलं. मोजणी ग्राह्य धरली गेली आणि सगळे दावे जिल्ह्याकडे गेले.

बावीस वर्षांत मी कितीतरी तालुक्यांचे नकाशे केले. बैठकीच्या इतिवृत्तात माझं नाव एकदाच आलं आहे. ‘सदर शेतजमिनी श्रीमती अमुक यांनी नजरचुकीने नष्ट केल्या,’ असं. “पुसली म्हंजे व्हती,” म्हणत त्याची प्रत बुधीबाईंनी मागून घेतली. त्यांच्या दाव्याच्या फायलीत ती सगळ्यात वर लावलेली आहे.