चाँदच्या लेकी

कनेरगाव नाक्यावर उतरून इब्राहीमचं घर विचारलं, तर लोक आधी बोकडच दाखवायचे. "तो काळा, कपाळावर चाँद असलेला बांधलाय ना, तेच घर." माणसापेक्षा जनावराचं नाव मोठं झालं होतं, आणि इब्राहीमला त्याचं वाईट वाटायचं सोडून अभिमानच वाटायचा.

शाळा चौथीपर्यंत, पण शेळीत नजर अशी, की दुरून चाल बघून सांगायचा, गाभण आहे की नुसतं पोट फुगलंय. सात वर्षांपूर्वी त्याच्या एका साध्या काळ्या शेळीला बोकड झाला आणि त्याच्या कपाळावर पांढरी चंद्रकोर निघाली. चुन्यात बोट बुडवून ओढावं तशी. बकरी ईदच्या बाजारात अशा बोकडावर गिऱ्हाईक तुटून पडतं. इब्राहीमनं तो विकला नाही. नाव ठेवलं चाँद, आणि मनाशी ठरवलं, आपल्या दावणीला ही कोर कायमची पक्की करायची. "खाण तशी माती," तो बायकोला, अजराला सांगायचा. "बाप चांगला धरला की पिल्लं आपोआप चांगली."

दहा-बारा गावांतल्या शेळ्या चाँदकडं येऊ लागल्या. त्याचं मोल इब्राहीम घेत नसे. रिवाज एकच होता: चाँदपासून झालेली पहिली कोरवाली पाठ, म्हणजे मादी पिल्लू, दूध सुटलं की इब्राहीमच्या दारात आणून बांधायची. लोकांनाही सोपं, ह्यालाही बरं. पाठी मोठ्या व्हायच्या, माजावर यायच्या, आणि दारात बोकड कोण? चाँद. बिनकोरीचं पिल्लू तो लगेच विकून टाकायचा. कोरवाले बोकड लोक ईदसाठी न्यायचे; कोरवाल्या लेकी तेवढ्या बापापाशी राहायच्या. चौथ्या वर्षी दावणीला अठरा शेळ्या, अठराच्या अठरा चाँदवाल्या. बघायला वाशिमकडून माणसं आली. एवढं कौतुक चाललेलं असताना शंका कोणाला सुचते? मला तर सुचली नसती.

पहिलं अधू पिल्लू दोन वर्षांपूर्वी झालं. बुबुळांच्या जागी निळसर पांढरं काहीतरी होतं, आणि ते आईच्या सडाऐवजी भिंतीला तोंड लावत होतं. तिसऱ्या दिवशी मेलं. "नजर लागली," अजरा म्हणाली. इब्राहीमनं ते नाल्याकाठी पुरलं. मग आणखी एक झालं. मग एकाचा खालचा जबडा आखूड निघाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो कुणाला बोलला नाही. पण शेळी व्यायली की आई पिल्लाला चाटत असतानाच हा त्याच्या डोळ्यांपुढून बोट फिरवून बघायचा.

यंदा त्याची पोरगी कहकशा बारावी सायन्सला होती, रोज एसटीनं हिंगोलीला जायची. जीवशास्त्राच्या अंजुम मॅडमनी प्रोजेक्ट दिला: आपल्या परिसरातली निवडक पैदास. बाकीच्यांनी पुस्तकातल्या गायी आणि गव्हाच्या जाती उतरवून काढल्या. कहकशानं बापाचा कळप घेतला. इब्राहीमला काय करू नि काय नको असं झालं. "माझं नाव बी येईल का त्यात?" त्यानं दोनदा विचारलं.

घरात दखनी उर्दूच चालायची, पण प्रोजेक्ट मराठीत लिहायचा म्हणून त्या रविवारी बापलेक मराठीत बोलत होती. अंगणात मोठा ड्रॉइंगचा कागद अंथरलेला. बोकडाला चौकोन, शेळीला गोल. इब्राहीमला सात वर्षांची पिढीन् पिढी तोंडपाठ होती.

"बिजली कोणाची?"

"चाँदची."

"अन् बिजलीची नूरी?"

"तिचा बाप बी चाँदच."

"नूरीची ही दोन?"

"चाँद. दुसरा कोण असणार?"

कहकशाची पेन्सिल थांबली. सगळ्या रेघा वर जाऊन एकाच चौकोनात शिरत होत्या.

"अब्बा, आंधळं, अधू, मेलेलं असं कोणतं पिल्लू झालं का? ते कागदावर काळं करावं लागतं."

"न्हाई."

अजरा चुलीपाशी होती. न वळताच म्हणाली, "सांगा की. पोरीपासून काहून लपवून राहिले?"

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! इब्राहीमनं एक सांगितलं, दुसरं सांगितलं. पोरगी चौकोन-गोल काळे करत गेली. अकराव्यावर यादी संपली. काळे ठिपके सगळे कागदाच्या खालच्या भागात होते, जिथं बाप आणि आजा एकच होता.

"दोष रक्तात दबून बसतो, अब्बा," कहकशा हळूच म्हणाली. "नुसत्या बापाकडून आला तर दिसत न्हाई. आईकडून बी तोच आला की वर येतो. चाँदचे डोळे चांगले हायेत, पण दोष त्याच्यातच हाय. तुमी कोर निवडत गेले, अन् कोरीसंगं हे बी निवडल्या जाऊन राहिलं."

इब्राहीमनं काळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग एकदम उजळून म्हणाला, "पण तूच म्हणत होती ना, तुमच्या पुस्तकात जनुक कापतेत, दुसरं जोडतेत? कपाशीत केलं म्हणे. मग याचं तेवढं कापून काढा ना!"

"ते प्रयोगशाळेत, एका पेशीत करतेत, अब्बा. उभ्या बोकडात न्हाई. अन् चाँदची पिल्लं तर गावोगाव गेली."

तेव्हा त्याला खरी भीती वाटली. कुर्बानीला ऐब, म्हणजे व्यंग, असलेलं जनावर चालत नाही, आणि लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून पिल्लं नेत होते. त्यातच त्याला सोजराबाई आठवली. पलीकडच्या वाडीतली म्हातारी, मागंपुढं कोणी नाही, दोन शेळ्यांवर चूल पेटायची. तिची एक शेळी चाँदचीच लेक. पाच महिन्यांपूर्वी इब्राहीमनं स्वतःच्या हातानं धरून ती चाँदला लावली होती. आज-उद्या व्यायची होती ती.

सोमवारी त्यानं चाँदला जनावरांच्या दवाखान्यात नेलं आणि खच्ची करून घेतलं. "एवढं देखणं जनावर, काहून?" डॉक्टरनी विचारलं. इब्राहीम एवढंच म्हणाला, "बस झालं त्याचं." चिमट्याचं काम, पाच मिनिटांत झालं. चाँद एकदा जोरात ओरडला आणि बाहेर आल्यावर बाभळीचा पाला खाऊ लागला. इब्राहीमला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. झरा तर बुजवला; आता लोकांना खरं सांगायचं राहिलं. शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील म्हणून तो आधी सोजराबाईकडंच निघाला.

शेळी सकाळीच व्यायली होती. म्हातारी दारातूनच ओरडली, "ये बाबा, ये! दोन झाले. दोघांच्या बी कपाळावर चाँद. बोकड माझा, पाठ तुझी."

इब्राहीम खाली बसला. बोट फिरवायची गरजच पडली नाही. बोकडाचे डोळे निळसर पांढरे होते.

"मावशी, हा आंधळा हाय," तो म्हणाला. "नजर-बिजर काही न्हाई. दोष माझ्या चाँदचा, अन् चूक माझी. दोन वर्षांपासून माझ्याकडं अशी पिल्लं होऊन राहिली, पण बोललो न्हाई."

सोजराबाईनं पिल्लू उचललं, उजेडाकडं धरून बघितलं. शिवी दिली नाही. मग म्हणाली, "अशी तर माझ्या बहिणीकडं, सेनगावकडं, तीन झाली यंदा. तिकडं चाँदचा पोरगा हाय ना. चार वर्षं झाली, सगळ्या गावाला तोच लावतेत. त्याचे पोरगे बाजारातून कुठं कुठं गेले, कोणाला ठाऊक?"

सेनगावकडचा तो बोकड पोरीच्या कागदावर नव्हताच.

म्हातारीनं दुसरं पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं. पाठ धडधाकट होती, काळ्याभोर टपोऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडं टुकुटुकु बघत होती. "ही तर चांगली हाय ना? हिला तरी घेऊन जा."

"हिच्यात बी असंल, मावशी. वरून दिसत न्हाई."

"मग बाबा, चांगली कोणती ते वळखावं कसं?" सोजराबाईनं विचारलं.

आयुष्यभर लांबूनच शेळी ओळखणाऱ्या इब्राहीमनं मांडीवरच्या पाठीच्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं, आणि तिनं बोटामागं मान वळवली.