पीपीकाकूंचा फोन

पीपीकाकू कुणाला बोलवायला कधी जिना उतरत नसत. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत यायच्या, पदर खोचायच्या आणि हाक मारायच्या. समोरच्या ब्लॉकमधला माणूस गालावरच्या साबणासकट धावत यायचा. काकांना खात्याकडून घरी फोन मिळाला होता, आमच्या गल्लीतला पहिला. सगळेजण अर्जांवर काकूंचाच नंबर द्यायचे, आणि तो शेजाऱ्यांचा आहे हे कळावं म्हणून पुढे 'पी.पी.' लिहायचे. तेव्हापासून आम्हा मुलांच्या त्या पीपीकाकू झाल्या.

फोन आमच्यासाठी आलेला असला तरी काकू खोलीतून हलत नसत. समोरच मेथी निवडत बसायच्या. आईने एकदा धीर करून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तर म्हणाल्या, "बोल गं तू. मी काही ऐकत नाहीये, नुसती बसलेय." आणि आईने फोन ठेवताच, "भावाला म्हणावं, नोकरी सोडायची घाई करू नकोस." भोचक म्हणावं, तर त्यांच्या घरातून बाहेर एक शब्द जात नसे.

पुढे घरोघरी फोन आले आणि मग मोबाइल. मी गुडगावला एका कंपनीत लागले. नव्या इमारतींमधली ऑफिसं आतून सजवून द्यायचा त्यांचा धंदा. कामाच्या जागी हिंडावं लागे, म्हणून कंपनीने मला मोबाइल दिला. नेमकं त्याच सुमारास मागच्या गल्लीतल्या एका मुलीने घरी न सांगता लग्न केलं, आणि सगळं खापर तिच्या मोबाइलवर फुटलं. शनिवारच्या भजनात अभंग कमी आणि मोबाइलच जास्त. कुणी म्हणे मुली पांघरुणात शिरून मेसेज करतात, कुणी म्हणे खोटं बोलायला त्या यातूनच शिकतात. खालच्या शर्माआंटींनी बाबांना जिन्यातच गाठलं. "भाईसाहब, लड़की के हाथ में फ़ोन? ज़रा सोच लो." बाबांनी खरंच विचार केला आणि ते घाबरले.

"काकू म्हणतील तसं," ते मला म्हणाले. "त्या नको म्हणाल्या तर फोन परत करून टाक."

फोन परत केला की नोकरीही गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काकूंनी मोबाइल उलटासुलटा करून पाहिला. मला वाजवून दाखवायला लावला, मग "पुन्हा वाजव बघू" म्हणाल्या. चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हा ठेवायचा कुठे?"

"कुठेही, काकू. पर्समध्ये."

"म्हणजे ह्याला घरात जागाच नाही." त्या गंभीर झाल्या. "अगं, मुलं चांगली-वाईट आधीही होती. पण फोन आला की मधे कुणीतरी मोठं माणूस असायचं. कोण, कुठला, विचारणारं. आता मधे कुणीच नाही."

मला राग आला होता, पण ते पटलंही. गल्लीतल्या एवढ्या आरडाओरड्यात इतकं मुद्द्याचं कुणी बोललं नव्हतं. आठवडाभर मोबाइल माझ्याकडे ठेवते आणि मग सांगते, असं काकूंनी जाहीर केलं. बाबांचा जीव भांड्यात पडला, माझा टांगणीला लागला.

दोनेक दिवसांतच ते झालं. मी गुडगावात एका अर्धवट इमारतीत रंगाचे नमुने बघत होते. आमचा क्लायंट वेळेआधीच दुसऱ्या इमारतीत येऊन थांबला होता आणि मला तिकडे पाठवायचं म्हणून ऑफिसातला विवेक माझ्या मोबाइलवर फोन करत होता. तो काकूंनी घेतला. पुढचं मला आईने सांगितलं. "हाँ हाँ, होल्ड करो, अभी बुलाती हूँ," असं म्हणून काकूंनी मोबाइल टीपॉयवर ठेवला, गॅलरीत आल्या, पदर खोचला आणि हाक मारली, "मृणाऽऽल! तुझा फोन!"

सगळी गल्ली बाहेर आली. आई धावली. "वहिनी, अहो, मृणाल गुडगावला आहे!"

काकूंनी तरीही आणखी एकदा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने. मग कठडा धरून तशाच उभ्या राहिल्या. आत टीपॉयवर विवेकचं "हॅलो, आंटी? हॅलो?" चालूच होतं.

क्लायंट चिडून निघून गेला. पुन्हा असं झालं तर येऊ नकोस, असं साहेबांनी मला सुनावलं. रडवेल्या तोंडाने घरी आले, तर काकू बाबांसमोर बसलेल्या. त्यांनी मोबाइल बाबांच्या हातात दिला नाही, माझ्या हातात दिला.

"भाऊजी, हा हिच्याजवळच राहू दे. ही जाते तिथे माझी हाक पोचत नाही."

"पण वहिनी, लोक काय..."

"लोकांना सांगा, मी सांगितलंय म्हणून."

बाबांनी सांगितलं. शर्माआंटी काही दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत, एवढंच.

पुढच्याच वर्षी काका रिटायर झाले, सरकारी क्वार्टर सोडावा लागला. दोघं सांगलीला निघाली, तेव्हा आम्ही निजामुद्दीन स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी काकूंनी खिडकीतून माझं मनगट धरलं.

"आता मधे मी नाही," त्या म्हणाल्या. "कोण, कुठला, तुझं तूच विचारायचं. उत्तर आवडलं नाही तर फोन ठेवून द्यायचा. मला विचारायला थांबायचं नाही, बाबांनाही नाही."

मला हो म्हणायचं होतं, पण रडूच फुटलं. एवढा विश्वास तोवर माझ्यावर घरातही कुणी टाकला नव्हता.