ओळख न दाखवणारे डॉक्टर

दुपारी साडेबारा. गांधीबागेतल्या एका कापडवाल्याकडचं लग्न. पंगतीत आमचे त्वचारोगतज्ज्ञ मोठे डॉक्टर बसलेले. यजमान त्यांचे जुने पेशंट. हात जोडून म्हणाले, "ओळखलं ना डॉक्टरसाहेब?"

"नाही बुवा!" म्हणत डॉक्टरांनी जिलेबी तोडली.

यजमानांचा चेहरा पडला. हात धुताना डॉक्टर त्यांच्या कानाशी लागले, "ओळखलं म्हटलं असतं, तर अख्ख्या मांडवानं विचारलं असतं, तुले काय झालं होतं गा?"

बातमीदाराच्या बातम्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात, किस्से मात्र साठत जातात. मोठ्या डॉक्टरांचे तर माझ्याकडे ढीगभर आहेत. अंगावरचा एक पांढरा डाग कळला की आपल्याकडे मुलीची सोयरीक मोडते, हे ते जाणून होते. म्हणून त्यांच्या दवाखान्याला मागूनही दार होतं.

मी तेव्हा नवा, खुमखुमी भारी. एका पुढाऱ्याच्या आजाराची कुणकुण लागली. सरळ विचारलं, "ते तुमच्याकडे येतात म्हणे?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "त्यांनीही तुझ्याबद्दल हेच विचारलं होतं. त्यांनाही मी काही सांगितलं नाही!"

मोठे डॉक्टर गेले. त्यांच्या डॉक्टर मुलानं शहराच्या टोकाला, बेसाला चकाचक क्लिनिक थाटलं आणि सगळ्या पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मीही जुना पेशंट, न विचारता त्यात! उघडून पाहतो तर आमचे व्याही! आम्ही दोघांनी एकाच मिनिटाला ग्रुप सोडला. आजवर त्यावर चकार शब्द नाही.

मग क्लिनिकची रील आली. पारशिवनीकडच्या एका मुलीच्या मानेवरचे डाग, आधी आणि नंतर. मुलीचा चेहरा धूसर केलेला. पण शेजारी बसलेल्या आईचा हात दिसत होता, गोंदणासकट. माझं टाळकंच सरकलं. तडक बेसा गाठलं.

ती आई आधीच धाकट्या डॉक्टरांच्या टेबलापुढे उभी होती. "माह्या हातावरचं गोंदण साऱ्या गावानं ओळखलं! पोराकडचे म्हणून राहिले, लग्न थांबवा. काहून टाकलं जी तुम्ही?"

"अहो काकू, चेहरा कुठे दाखवला? आणि पोरगी बरी होऊन राहिली, हे लोकांना कळायला नको?"

मी मध्ये पडलो. "टाकण्याआधी तिला विचारलं होतं का?"

"सर, तुम्ही बातमी करणार आहात का?"

"आधी उत्तर द्या!"

"काढून टाका नं जी," आई म्हणाली. "पाहुणे येऊन राहिले शेवटची बोलणी करायले."

"बघतो," डॉक्टर म्हणाले.

पाहुणे आलेच नाहीत. मुलीनं उपचार अर्ध्यावर सोडले. रील अजून तिथेच आहे. खाली डॉक्टरांनी लिहिलंय, 'आमचे समाधानी पेशंट!'