माझ्या वाट्याची सातवी

आमच्या घरी संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना होत असे, आणि मी धंद्याला लागल्यापासून त्या प्रार्थनेत बाबा मला बायबलमधल्या दहा आज्ञांतली एकच विचारत. सातवी. धाकट्या भावाला काहीही विचारायचे. कधी मतांगीकार म्हणजे विश्वासाची कबुली, कधी प्रभूची प्रार्थना, कधी बाप्तिस्म्याचा भाग. माझी पाळी आली की सातवी. अंधेरीला माझा स्वतःचा गाळा झाला, मुलुंडला घर झालं, केस पिकले, तरी सातवीच. मला फार काही नको होतं. त्यांनी जाण्याआधी एकदा तरी मला दुसरी कुठलीही आज्ञा विचारावी, एवढंच हवं होतं.

मुंबईत मराठी बोलणारा ख्रिश्चन म्हटला की लोक लगेच विचारतात, "वसईचे का?" आम्ही वसईचे नाही आणि कॅथलिकही नाही. आम्ही लूथरन. आजोबा सातपुड्याच्या पलीकडचे, मिशनच्या वाडीतले. बाबा तिथून भांडुपला कारखान्यात फिटर म्हणून आले आणि येताना एक बायबल, एक गीतांचं पुस्तक आणि प्रश्नोत्तरीचं एक पातळ पुस्तक घेऊन आले. त्या प्रश्नोत्तरीत प्रत्येक आज्ञेनंतर तोच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? आणि सुरुवातीलाच सांगितलेलं आहे की हे घरच्या कर्त्याने घरच्यांना शिकवायचं. बाबांनी ते फार मनावर घेतलं. सेकंड शिफ्ट असली तर ते निघण्याआधी दुपारीच आम्हाला बसवत. आई कुकरखालचा गॅस बंद करायची, कारण प्रार्थनेत शिट्टी झालेली त्यांना चालत नसे. शेजारचे काका बौद्ध, अकोल्याकडचे. ते दारावरून जाताना डोकावून म्हणायचे, "चालू आहे का परीक्षा? पास करा रे पोरांना!" बाबा हसायचे नाहीत. प्रार्थना संपली की मग त्यांच्याकडे जाऊन हसायचे.

सातवी कशी सुरू झाली ते सांगतो. बाबांबरोबर काम केलेला एक फिटर होता. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्याने भांडुपलाच छोटं वर्कशॉप टाकलं होतं. ते चाललं नाही. मी तेव्हा जुनी मशिनं घ्यायला आणि विकायला नुकती सुरुवात केली होती. त्याचं एक लेथ मशीन होतं, जुनं पण उत्तम. त्याने मला विचारलं, "तू या धंद्यात आहेस, तूच सांग काय येईल." मी सांगितलं. त्याने मान डोलावली. मशीन उचलून मी अंधेरीच्या एका गाळ्यात विकलं आणि बरा फायदा सुटला. धंद्याची ती माझी खरी सुरुवात. फायदा किती सुटला ते त्या माणसाच्या कानावर गेलं. तो भांडायला आला नाही. बाबांना रस्त्यात भेटला आणि सलाम न करता पुढे गेला.

त्या संध्याकाळी बाबांनी पुस्तक न उघडताच माझ्याकडे पाहिलं.

"सातवी."

"चोरी करू नको."

"याचा अर्थ काय?"

मी घडाघड म्हटलं. शेजाऱ्याचा पैसा किंवा वस्तू उचलायची नाही, खोटा माल देऊन किंवा फसवा व्यवहार करून ती आपल्याकडे वळवायची नाही.

"पुढचं."

पुढचं मला पाठ होतं. शेजाऱ्याचं जे आहे ते टिकावं, त्याची रोजीरोटी सुधारावी म्हणून त्याला मदत करायची. पण मी ते म्हटलं नाही. म्हटलं, "बाबा, मी खोटं बोललो नाही. त्याने भाव विचारला, मी सांगितला, त्याने घेतला."

"मी कुठे म्हटलं खोटं बोललास? पुढचं सांग म्हटलं."

"अहो, जेवू द्या त्याला," आई म्हणाली.

"जेवू दे की. पुढचं म्हणून जेवू दे."

मी न जेवता उठलो. आजही मी म्हणतो, त्या व्यवहारात खोटं काही नव्हतं. बाजारात समोरच्याला त्याच्या मालाची किंमत शिकवायची कोणी शपथ घेतलेली नसते. मी घेतलं नसतं तर भंगारवाल्याने किलोवर नेलं असतं. हे मी बाबांना शंभर प्रकारे सांगितलं. ते ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातवी.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे भांडुपलाच होतो. नव्या सुनेची घरातली पहिली प्रार्थना. बाबांनी तिला बसायला पाट दिला, गीत झालं, वाचन झालं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सातवी."

मी म्हटलं, "बाबा, आज तरी नको ना."

भाऊ फिसकन हसला. माझी बायको मात्र एकदम पांढरी पडली. जेवताना तिने वर पाहिलं नाही. आम्ही एकटे झाल्यावर म्हणाली, "तुमचं आधी कुठे काही होतं का? खरं सांगा."

"काय होतं?"

"सासरे सगळ्यांदेखत सातवी विचारतात आणि तुम्ही म्हणता, आज नको!"

मला समजायलाच वेळ लागला. ती नगरकडची. तीही प्रोटेस्टंटच, पण तिच्या मंडळीत आज्ञा वेगळ्या मोजतात. मूर्तीची आज्ञा ते दुसरी धरतात. आम्ही ती पहिलीतच घेतो आणि लोभाच्या शेवटच्या आज्ञेच्या दोन करतो. त्यामुळे मधल्या आज्ञांचा त्यांचा आकडा आमच्याहून एकाने पुढे असतो. आमची सातवी चोरीची, त्यांची सातवी व्यभिचाराची. मी पोट धरून हसलो. सकाळी भावाला सांगितलं आणि तो पुढे कित्येक वर्षं तिला चिडवत राहिला: "वहिनी, तुमची सातवी का आमची?" आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबांच्या त्या सातवीवर आमच्या घरात कोणी हसलं असेल तर तेवढंच.

आई गेली. मी मुलुंडला घर घेतलं. भाऊ भांडुपलाच राहिला, शाळेत शिकवतो. बाबा त्याच्याकडे राहिले. दर रविवारी देवळातल्या उपासनेनंतर मी त्यांना घरी आणायचो, जेवायला घालायचो, आणि संध्याकाळी सोडण्याआधी माझ्याच हॉलमध्ये, माझ्या मुलीसमोर, मला सातवी व्हायची. मी म्हणायचो. पुढचंही म्हणायचो. चिडून, भरभर, सौदा उरकावा तसा.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. भावाच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून मी त्यांना कायमचं मुलुंडला आणलं. पलंग आणला, दिवसाची बाई ठेवली. भाऊ शाळा सुटल्यावर रोज येई. बाबांच्या जागी तो पुस्तक धरी, कारण बाबांनी डाव्या हाताने ते त्याच्याच मांडीवर सरकवलं होतं. घर माझं, पलंग माझा, आणि प्रश्न विचारणार तो. तेही मी गिळलं. पण तो माझ्याकडे वळला की बाबा डावा हात वर करत. पाच बोटं. मग दोन.

एकदा मी म्हटलं, "बाबा, सौदा करू. मी सातवी म्हणतो, पण त्यावर एक दुसरी विचारायची. कुठलीही. चौथी विचारा, आईबापांचा मान राखायची. ती तर मी करून दाखवतोय की नाही?"

"पप्पा, तुम्ही आजोबांशी पण घासाघीस करता?" मुलगी म्हणाली.

बाबांचे ओठ हलले. हात वर आला. पाच. दोन.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. "हे घर चोरीचं आहे का? सांगा! हा पलंग चोरीचा आहे? ती बाई तुमचं अंग पुसते, तिचा पगार चोरीचा आहे?"

"दादा, हळू," भाऊ म्हणाला.

"तू गप बस रे. तुला आयुष्यात कधी विचारली का सातवी?"

"मला विकायला काही नव्हतं, म्हणून नसेल विचारली."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण झटक्यानंतर त्यांचे डोळे असेही पाझरत, त्यामुळे त्यावरून काही कळत नसे. मी दार आपटून खाली गेलो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. मुलुंडच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. त्या सकाळी त्यांना अचानक थोडं बोलता येऊ लागलं, अडखळत, एखाददुसरा शब्द. डाव्या हाताला सलाईन होतं, त्यामुळे बोटं दाखवता येत नव्हती. वर त्यांच्याजवळ माझी बायको होती. मी खाली काउंटरवर खोलीच्या दरावरून वाद घालत होतो. ते माझं काम, ते मला जमतं. बायको जिना उतरून धावत आली.

"बाबा बोलले. तुमच्यासाठी निरोप दिला. तुम्हाला बोलावतायत."

"काय बोलले?"

ती धापा टाकत होती. "तीच आज्ञा. चोरीची."

बोलणं परत आलं, आणि पहिला शब्द काय, तर हा. काउंटरवरचा माणूस बघत होता. मी म्हटलं, "सांग त्यांना, ऐकलं." आणि बाहेर पडलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला, मग दुसरा घेतला. अंधेरीहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याच्याशी मुद्दाम लांबण लावून बोललो. वर गेलो तेव्हा बाबांना अतिदक्षता विभागात हलवत होते. तोंडावर मास्क होता. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

दफन झाल्यावर आठवड्याने माझ्याच घरी सांत्वनाची प्रार्थना होती. चर्चचे पाळक येऊन गेले, मंडळीतले लोक गेले, आम्ही घरचेच उरलो. भाऊ माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, बाबा शेवटचं काय बोलले ते मला पुन्हा सांगा. अर्थ नको, शब्द सांगा."

"शब्द काय, एकच तर होता. 'आठवी.' आधी तुमच्या दादाचं नाव घेतलं, मग 'आठवी.' पुढे 'सांग' म्हणाले का 'विचार' म्हणाले, ते नीट कळलं नाही."

"आठवी?"

"हो. म्हणून तर मी म्हटलं, चोरीची..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

ही बाई वीस वर्षं आमच्यात आहे. आमचा आकडा तिला झोपेतही पाठ. पण त्या जिन्यावरून धावताना ती माहेरची मोजणी मोजत उतरली.

आमची आठवी चोरीची नाही. आमची आठवी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची. पुस्तकात तिचा अर्थ दिलाय की त्याचं नाव बिघडवू नये, त्याच्याबद्दल बरं बोलावं, आणि तो जे करतो त्याचा होता होईल तो चांगलाच अर्थ घ्यावा.

मी बायकोवर ओरडलो. "वीस वर्षांत तुला आकडा नाही कळला? आठ म्हटलं तर आठ सांगायचं! अर्थ लावायला कोणी सांगितलं होतं?"

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी चूक. पण त्यांनी बोलावलं होतं, हेही मी सांगितलं होतं. तुम्ही वर का नाही आलात?"

मुलगी तिला घेऊन आत गेली.

तेव्हापासून मी तो एक शब्द उलटापालटा करून पाहतो. 'विचार' म्हणाले असतील तर शेवटी मला दुसरी आज्ञा विचारली गेली. 'सांग' म्हणाले असतील तर मला सांगत होते की पोरा, माझा चांगला अर्थ घे. की स्वतःलाच म्हणत होते की याच्याबद्दल मी खोटी साक्ष दिली? का नुसताच एक आकडा निसटला, कारण जीभ सातवर जाता जाता आठवर पडली? मी आयुष्यभर समोरच्याच्या तोंडून निघालेल्या आकड्यावरून त्याच्या मनातलं ओळखत आलो आहे. हा एक आकडा मला ओळखता येत नाही, आणि विचारायला समोर माणूस नाही. राग तर गेलेलाच नाही. वीस वर्षं सातवी विचारायला आवाज होता, आणि आठवी आली ती दुसऱ्याच्या हाती.

भावाने त्याच दिवशी पुस्तक उघडलं आणि हळूच म्हटलं, "दादा, मी विचारू का तुला? आठवी?"

"तू कोण विचारणारा?" मी म्हटलं. "मालकाने दिला नाही तो माल मी दलालाकडून घेत नाही."

"बरं," तो म्हणाला.

तो अजून रविवारी संध्याकाळी येतो. गीत होतं, वाचन होतं. बायकोला विचारतो, ती आता आकडा आणि आज्ञा दोन्ही म्हणते. मुलीला विचारतो. मग माझी पाळी येते. तो पुस्तकात पाहत थोडा थांबतो, मी खिडकीकडे पाहतो, आणि तो म्हणतो, "प्रार्थनेसाठी उभे राहू या."