कम्युनिटीतला अस्सल झाडीवाला

आमच्या पिढीची इंटरनेटवर ओळख गावावरून नव्हे, टोपणनावावरून व्हायची. हे माझ्या फार पथ्यावर पडलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांची एक ऑनलाइन कम्युनिटी होती. कॉलेज सुटलं की मी चंद्रपुरातल्या सायबर कॅफेत पडदा ओढून बसायचो आणि उन्हाळ्यावर, एसटीवर, पुणेरी मराठीवर आमच्या भागातल्या झाडीबोलीत फटकेबाजी करायचो. पोरं मला ‘अस्सल झाडीवाला’ म्हणायची आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत फुगायचो.

खरं तर मी बंगाली. चामोर्शीकडं सरकारनं निर्वासितांना वसवलं, त्यातल्या एका गावात काकाला फार पूर्वी जमीन मिळाली होती. आम्ही मागून, मी लहान असताना, सीमा ओलांडून आलो. कसे आलो, हे घरात कुणी बोलत नसे. कुणी विचारलं तर इथलाच म्हणायचं, एवढं बाबांनी शिकवून ठेवलं होतं.

एका दुपारी कुणीतरी कम्युनिटीत नवा विषय टाकला, बांगलादेशी घुसखोरांना हुडकून काढायचा. खाली धडाधड उत्तरं आली. ज्यांच्या विनोदांवर मी पोट धरून हसलो होतो, तीच पोरं लिहीत होती. मी गप्प राहिलो, तर तेही लगेच कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं. “झाडीवाल्या, तू गप काऊन बे?” परीक्षा आहे, असं काहीतरी खरडलं. पुढं रविवारी सगळ्यांनी भेटायचं ठरलं, तेव्हा न जाण्याची माझी छाती झाली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

बसस्टँडजवळच्या हॉटेलात तर्रीपोहे खात सगळे जमले. मी इतका बोललो की जबडा दुखायला लागला. गप्प बसलो तर कुणी काही विचारील, याची भीती वाटत होती. एकानं माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगितलं, हा आपला माणूस आहे. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला.

नंबर गावातल्या कॉइनबॉक्सचा होता, म्हणजे आई. ती उगाच फोन करत नसे. उचलला नाही तर तिचा जीव टांगणीला लागणार, आणि बंगालीत बोललो तर इथं सगळं संपणार. मी उचलला आणि शुद्ध मराठीत म्हणालो, “हॅलो, कोण बोलतंय?”

आईनं मला मराठी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. मराठी तिच्या लेखी तलाठ्याची आणि पोलिसाची भाषा. त्यांना उत्तर देण्यापुरतीच ती तिला येत होती. लाइन खरखरत होती. पलीकडून हात जोडल्यासारखा बारीक आवाज आला.

“साहेब, तो काई नाई केला. लहान आहे. त्याले मारू नका, साहेब.”

माझा फोन पोलिसाच्या हातात पडलाय, असं तिला वाटलं होतं. मी घाबरून पुन्हा मराठीतच “नाही, नाही” म्हणालो, तशी ती रडायला लागली.

“कोन व्हय बे?” शेजारच्यानं विचारलं.

“मा, आमि,” मी म्हणालो. टेबलावरचे सगळे माझ्याकडं वळले. रडण्यात तिला ते ऐकू गेलं नाही. म्हणून मी उभा राहून, सगळ्यांच्या देखत, आणखी मोठ्यानं बंगालीत म्हणालो की आई, मीच बोलतोय, मला कुणी धरलेलं नाही.